मुक्या कुंड्या

"पाणी मागालीत ही," रेवप्पामामा शेवंतीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाले. "पानं कशी मऊ पडल्यात बघ. माना टाकल्यात सगळ्यांनी."

मी एक रोप बुडाशी धरून कुंडीतून अलगद उपसलं. खालून पाणी ठिबकलं. मुळं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली होती आणि त्यांना सडक्या कांद्याचा वास येत होता.

"हे तहानलेलं आहे?" मी ते रोप त्यांच्या नाकाखाली धरलं. "मामा, हे बुडून मेलंय. वरून कोणी पाणी घातलं?"

"कुणी न्हाई."

"मग पाऊस पडला असेल रात्रीत."

त्या वर्षी सोलापुरात पावसाचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. माझ्या बोलण्यातला खोचकपणा त्यांना कळला होता, पण त्यांनी तो अंगाला लावून घेतला नाही. वेताची काठी उचलली आणि पुढच्या रांगेकडे चालू लागले.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. अक्कलकोट रस्त्यावरची ही नर्सरी माझ्या बाबांची. ते गेले आणि मी शाळेतली नोकरी सोडून इथे उतरले. माझा थोरला भाऊ मल्लिनाथ याला ते मुळीच पटलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा तो म्हणाला, "संक्रांतीपर्यंत बघू, नंदा. तोवर काही करून दाखवलंस तर नर्सरी तुझी. नाहीतर इथे प्लॉट पाडायचे, आणि मग तू मध्ये बोलायचं नाही."

मी हो म्हणाले. हट्टीपणात मी बाबांवर गेले आहे असं आई म्हणायची, आणि ती ते कौतुकाने म्हणत नसे.

काही करून दाखवायचं म्हणजे साडेआठशे कुंड्या शेवंती. गावातल्या एका कॉलेजचा सुवर्णमहोत्सव संक्रांतीच्या आधी चार दिवस होता आणि त्यांना सगळं आवार फुललेल्या कुंड्यांनी भरून हवं होतं. आठवड्याला एक टँकर मिळायचा. तेवढ्या पाण्यात झारीने साडेआठशे कुंड्या जगवणं शक्य नव्हतं, म्हणून मी बाबांची सगळी पद्धतच उलटी केली. पाडलेल्या गोदामाची पत्र्याची पन्हळं आणली, त्यांत पाणी भरलं, वरून प्लास्टिकचा कागद ताणून झाकलं. कागदाला वीतभर अंतरावर भोकं पाडली आणि प्रत्येक भोकावर एक कुंडी बसवली. कुंडीच्या तळातून सुताची वात खाली पाण्यात सोडलेली. दिव्यातली वात तेल ओढते तशी ही पाणी ओढणार आणि रोपाला लागेल तेवढंच वर पोचवणार. उन्हात थेंब उडून जाणार नाही.

मातीला मी रजा दिली. नारळाच्या काथ्याचा भुसा, भुईमुगाची कुटलेली टरफलं आणि मुरलेलं शेणखत असं मिश्रण केलं. भुसा धुवून निघालेलं खारं पाणीसुद्धा वाया घालवलं नाही, फाटकासमोरची धूळ त्याने बसवली. बाबांच्या मातीच्या कुंड्या अंगातून पाणी पाझरतात म्हणून त्यांचीही उचलबांगडी झाली आणि त्यांच्या जागी हलक्या, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आल्या. माझ्या काटकसरीचा मला इतका गर्व झाला होता की शेवटच्या खेपेच्या वाती वळताना राजम्मा सूत उकळायला दोन घागरी पाणी मागायला आली, तर मी तिला तशीच परत पाठवली.

राजम्मा वल्लाल आमच्याकडे कलमं बांधायची. तिचा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, त्यामुळे तुटक्या सुताला तोटा नव्हता. आणि रेवप्पा म्हेत्रे माझ्या जन्माआधीपासून इथे पाणी घालत होते. नर्सरीच्या मागच्या कुंपणाला लागूनच त्यांची खोली होती. सगळे त्यांना मामा म्हणायचे, बाबासुद्धा.

मामांच्या वेताच्या टोकाला जुन्या गिरणीतली एक लाकडी कांडी बसवलेली असायची. एका हातात झारी आणि दुसऱ्या हातात हा वेत घेऊन ते रांगेतून निघायचे. प्रत्येक कुंडीला एक टोला. टण्ण वाजली की माती कोरडी, पाणी द्यायचं. डब्ब वाजली की ओली, पुढे जायचं. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला ते ऐकायला शिकवलं होतं. माझ्या दहा कुंड्यांत तीन चुकायच्या. त्यांची हजारात एक चुकत नसे.

काळ्या कुंड्या आल्या त्या दिवशी त्यांनी पहिल्या कुंडीला टोला दिला, कान देऊन ऐकलं, पुन्हा दिला. मग म्हणाले, "मुकी हाय की गं ही."

मी हसले. "आता वाजवायची गरजच नाही, मामा. आता तुम्ही बसून राहायचं. पन्हळात पाणी आहे ना, तेवढं बघायचं."

"बसून," ते म्हणाले, आणि त्या कुंडीला तिसरा टोला दिला.

डिसेंबरच्या मध्यावर कळ्या धरल्या आणि त्याच आठवड्यात झाडं माना टाकू लागली. रोज पाच-दहा. मी प्रत्येक मेलेलं रोप उपसून बघत होते आणि सगळ्यांची मुळं सडलेली निघत होती. वरचा भुसा एके ठिकाणी दबून खळगा पडलेला, अगदी झारीची धार पडते तसा. वातीचं पाणी खालून येतं, वरून असा खळगा पडूच शकत नाही. झारी आमच्याकडे एकच होती आणि ती कोणाच्या हातात असते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन दिवस मी सरळ विचारलं. दोन्ही दिवस मामा न्हाई म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मला वाटलं, नवी पद्धत बुडावी अशीच यांची इच्छा आहे. झारीवाचून आपल्याला कोण विचारणार, या भीतीने हा माणूस माझी शेवंती मारतोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरी गेल्यावर राजम्मा आणि मी मिळून आजारी कुंड्या रांगांतून काढल्या. जागा कुठेच नव्हती, म्हणून मधल्या वाटेवर दोन ओळींत मांडून ठेवल्या.

"वाटेवर नको, अक्का," राजम्मा म्हणाली.

"का?"

ती क्षणभर घुटमळली. "उगंच. येता-जाता लागतील कुणाला."

"दिसतायत की चांगल्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा तासभर लवकर आले. ऊन चांगलं वर आलं होतं. मामा मागच्या फाटकातून आलेले दिसत होते, कारण ते सगळ्यात मागच्या रांगेत होते. डाव्या हातात भरलेली झारी. मला कळू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच ती खोलीवर नेली असावी. वेताने कुंडीला टोला देत होते, वाकून कान लावत होते, मग पानं चाचपत होते आणि वरून धार सोडत होते. मी चार कुंड्या होईपर्यंत बघत राहिले. पाचवीला मला राहवलं नाही.

"मामा."

ते दचकले. झारीतलं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं.

"दोन दिवस मला न्हाई न्हाई म्हणून सांगताय."

"नंदा, पानं मऊ पडल्यात. हात लावून बघ. वरचा भुसा बघ, राख झालाय कोरडा."

"वर कोरडाच असतो तो. खाली ओला असतो. दहा वेळा सांगितलंय तुम्हाला."

"खाली ओलं हाय तर पान का मऊ पडालंय?"

"तुम्ही बुडवताय म्हणून."

"मी घालायच्या आधी मऊ पडली पोरी, मग मी घातलं."

मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "तीन रांगा गेल्या माझ्या. मल्लिनाथ टपून बसलाय तिकडे, आणि तुम्ही इथे घरचेच असून माझं नुकसान करताय. जिवंत कुठलं, मेलेलं कुठलं, एवढंही दिसत नाही का तुमच्या डोळ्यांना?"

मी हात पुढे केला. "द्या ती झारी. आणि उद्यापासून येऊ नका."

हे शब्द तोंडातून गेले तसे मला खूप मोठे वाटले, पण मागे घेण्याइतकी मी शहाणी नव्हते.

मामांनी झारी माझ्या हातात दिली नाही. उरलेलं पाणी त्यांनी शांतपणे पन्हळात ओतलं. "खिळ्याला अडकवून जातो," एवढंच म्हणाले. शेडमधल्या एका खिळ्यावर ती झारी टांगलेली असायची. कामावरून काढलं तरी झारी जागेवर ठेवल्याशिवाय जायचं नाही, असा तो माणूस. ते वळले आणि मधल्या वाटेने नेहमीच्याच झपझप चालीने निघाले.

भर उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत, ते सरळ त्या कुंड्यांच्या ओळीत शिरले. पाय अडकला, झारी एकीकडे, वेत एकीकडे, आणि मामा गुडघ्यांवर आदळले. पाच-सात कुंड्या कलंडल्या.

मी धावले. "अहो, समोर होत्या की."

ते उठायची घाई करत नव्हते. हाताने जमीन चाचपत होते. त्यांची चप्पल त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब, उन्हात पडली होती. त्यांची बोटं तिच्या अलीकडे फिरली, पलीकडे फिरली, परत आली. मी पायाने ती चप्पल हळूच त्यांच्या हाताशी सरकवली. ती मिळाल्यावर त्यांनी ती पायात घातली आणि माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या जरा डावीकडे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन दिवाळ्या. एक गेलाय, दुसऱ्यातनं धुकं दिसतंय."

"बाबांना माहीत होतं?"

"तुझ्या बाला पैल्यांदा सांगितलं. म्हणाला, मामा, तुमचे कान हायत तवर मला काळजी न्हाई." त्यांनी कलंडलेली एक कुंडी चाचपून उभी केली. "वाट पायाखालची हाय. झारी वळखीची हाय. कुंडी बोलत हुती. काय अडत न्हवतं माझं. मग तू मातीच्या कुंड्या काढल्यास. ह्या डब्यांवर कितीबी वाजवा, सगळ्या सारख्याच. म्हणून पान चाचपून घालालतो."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगू? आंधळ्याच्या हातात झारी कोण देतंय?"

मला खाली बसावंसं वाटलं आणि मी बसलेच, वाटेवर, त्यांच्याशेजारी. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही. राजम्मा फाटकातून येऊन उभी होती. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

मामा कुंड्या उभ्या करत राहिले. बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जात होतं. एक या हाताने, एक त्या हाताने. मग एकाएकी थांबले. दोन्ही हातांतल्या कुंड्या खाली-वर केल्या. डावी ठेवली, तिसरी उचलली.

"नंदा, ही हलकी हाय."

"प्लास्टिकच्याच आहेत, मामा."

"तसं न्हवं. ही हलकी आन् ही जड. निम्म्यानं फरक हाय. ही बघ, ही तहानलेली. ही बुडालेली." त्यांनी आणखी एक उचलली. "हीबी तहानलेली."

मामा हलकी म्हणाले त्या कुंडीतलं रोप मी उपसलं. मुळं पांढरीशुभ्र, आणि भुसा तळापर्यंत कोरडा ठणठणीत. हाताने चुरला तर धूळ उडाली. गेले तीन दिवस मी फक्त मेलेली रोपं उपसून बघत होते, आणि मेलेली सगळी झारीखाली सापडलेली होती. अजून जिवंत असलेलं पण मान टाकलेलं रोप उघडून बघायचं मला सुचलंच नव्हतं. वात जागेवर होती, तिचं टोक पाण्यात होतं, पण ती ताठ होती. पाण्यात बुडालेलं टोक सोडलं तर वरची सगळी कोरडी.

राजम्माने ती वात बोटांत घेऊन मोडली. कट्कन आवाज आला. "खळ हाय ह्याला, अक्का," ती हळू आवाजात म्हणाली. "मागावर चढवायचं सूत हाय. पोरगा शेवटला आणला ते. खळ उकळून काढल्याबिगर पाणी घेत न्हाई ते."

"मग काढली का नाहीस?" असं मी विचारणार होते. शब्द ओठांपर्यंत आले आणि मला त्या दोन घागरी आठवल्या.

सोलापुरात जन्म गेला माझा. मागावरच्या सुताला पिठाची खळ असते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. दोन घागरी पाणी वाचवायला मी तीनशे झाडं तहानेने मारत होते. मामांच्या बोटांना ती तहान सगळ्यांच्या आधी कळली होती, आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं होतं. ज्यांच्या वाती चांगल्या होत्या ती झाडंही, वरचा भुसा कोरडा लागला म्हणून, त्यांच्या झारीखाली सापडली, एवढाच त्यांचा गुन्हा.

मामा उठले. राजम्माने झारी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी शेडमध्ये खिळ्यावर अडकवली, वेत घेतला आणि मागच्या फाटकाकडे निघाले.

"मामा," मी म्हणाले.

"तू येऊ नको म्हणालीस," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि गेले. मला त्यांना थांबवता आलं नाही. माफी मागायची कशी हे आमच्या घरात कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

तो दिवसभर मी आणि राजम्माने वाटेवरची एकेक कुंडी उचलून कुंपणाशी नेली. वाट झाडून काढली. एक खडासुद्धा ठेवला नाही. मग चूल पेटवून टँकरच्या पाण्यातून चार घागरी काढल्या, सोडा टाकला आणि सगळं सूत उकळलं. खळ पाण्यावर सायीसारखी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मागच्या फाटकाशी उभे होते. आत आले नव्हते. फाटकाच्या बाहेर, वेत टेकून.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं. जिथे त्यांनी तीस वर्षं न विचारता पाय ठेवला होता, तिथे.

"या," मी म्हणाले. "वाट मोकळी केलीय."

त्यांनी वेत आधी पुढे फिरवला. एकदा, दोनदा. मग तो काखेत धरला आणि झपझप चालत आले.

पुढचे तीन दिवस आम्ही तिघांनी दुसरं काही केलं नाही. मामा रांगेत उकिडवे बसून सरकायचे, दोन्ही हातांनी कुंडी बोटभर उचलायचे आणि एकच शब्द बोलायचे. कोरडी. बरी. बुडाली. मी खडूने खूण करायची. कोरडीची वात राजम्मा बदलायची, दाभणात नवं सूत ओवून तळाच्या भोकातून वर घालायची, म्हणजे रोप हलवावं लागत नसे. बुडालेल्यांच्या वाती काढून त्या वाऱ्याला ठेवल्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्यामागून कुंड्या उचलून पडताळून बघत होते. दुपारनंतर मी ते सोडून दिलं. साडेआठशेत त्यांची एक चुकली, आणि ती चूक त्यांनी स्वतःच परत येऊन सुधारली.

"माती असती तर असं कळलं नसतं," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. "माती कोरडीबी जडच असती. ह्या भुश्शाचं बरं हाय. पाणी गेलं की पोकळ हुतो. मुक्या न्हाईत ह्या, नंदा. उचलाव्या लागतात, एवढंच."

कॉलेजच्या आवारात आम्ही सातशेवर कुंड्या फुललेल्या पोचवल्या. कमी पडल्या त्याबद्दल मी त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मल्लिनाथ येऊन बघून गेला. पिवळ्या शेवंतीच्या रांगेपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

संक्रांत झाल्यावर मी मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं, दुसऱ्याचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा नर्सरीत आले तेव्हा त्यांनी एक काळी कुंडी डोळ्यांपुढे धरून नीट न्याहाळली.

"लई कुरूप हायत गं ह्या," ते म्हणाले.

त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी त्याच कुंड्या उचलल्या. डोळा आला तरी वेत सोडला नाही, आणि इथल्या प्रत्येक माणसाला कुंडी तोलायला त्यांनीच शिकवलं. त्या सकाळचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता नर्सरी तिप्पट झाली आहे. जागेची नेहमीच ओढाताण असते. मागच्या महिन्यात कामाला लागलेल्या भाग्यश्री नावाच्या मुलीने जरबेराच्या कुंड्या मधल्या वाटेवर मांडल्या, आणि मी त्या सगळ्या तिला उचलायला लावल्या.

"पण मॅडम, ही वाट कोणीच वापरत नाही," ती म्हणाली. "सगळे पुढच्याच फाटकाने येतात. चार फुटांची जागा नुसती पडून आहे."

"असू दे."

"कुठे जाते ही?"

"मागच्या फाटकापासून शेडमधल्या खिळ्यापर्यंत," मी म्हणाले. "त्या खिळ्यावर झारी असते."

ती शेडमध्ये जाऊन बघून आली. झारी होती जागेवर. मग तिने उरलेल्या कुंड्या उचलल्या, आणि मी झाडू घेऊन वाट झाडली.